लग्नातले लाल पाय

नीलेशला मातीत घालायचा, असं ज्या दुपारी केरूनं मनाशी पक्कं केलं, त्या दुपारी त्याला सपाटून भूक लागली. कित्येक दिवस हा बाबा नुसता ताटाशी बसायचा आणि उठायचा. त्या दिवशी मात्र त्यानं डाळीचं पातेलं पुढ्यात ओढलं, खुबूसच्या रोट्या मोडून मोडून त्यात बुडवल्या आणि शेवटी बोट फिरवून पातेलं चाटून पुसून ठेवलं. खोलीतला जोडीदार फकरुद्दीन बघतच राहिला. हा मूळचा रत्नागिरीकडचा, इथं जेद्दात त्याच कफिलाकडे, म्हणजे अरबी मालकाकडे, ड्रायव्हर.

"काय रे, पगार वाढवला काय कफिलानं?"

"त्याहून ब्येस झालंय," केरू म्हणाला आणि ढेकर दिला.

लोक म्हणतात सुडानं माणूस जळतो. जळत असेल बापडा. पण जळायच्या आधी चांगला ऊबदार होतो, त्याला झोप लागते, जेवण गोड लागतं, हे कुणी सांगत नाही. केरूला त्या दिवशी तसं झालं होतं.

आता हा केरू कोण आणि नीलेशनं त्याचं काय घोडं मारलं होतं, ते आधी ऐका. केरू कोल्हापूर जिल्ह्यातला, कापशीकडचा. घर पिढ्यान्‌पिढ्या चपला बांधणारं. गावात प्लॅस्टिकच्या चपला आल्या, गिऱ्हाईक आटलं, तसा तो एजंटाला धरून सौदीत आला आणि अल अझीझियातल्या अबू नायफच्या फर्निचरच्या दुकानामागं, कारखान्यात सोफ्यांना कातडं चढवू लागला. कातडं कसलं, रेक्झिनच ते. दिवसभर स्टेपलची बंदूक ठोकायची. ज्या हातानं कापशीची चप्पल बांधली त्या हाताला हे काम म्हणजे पहिलवानाला पिसं वेचायला बसवल्यासारखं. कातडं कापायची रापी ट्रंकेत फडक्यात गुंडाळून पडलेली होती.

शुक्रवारची सुट्टी कामगारांच्या कॅम्पातली माणसं बलदच्या जुन्या बाजारात काढायची. तिथं इमारतींच्या सावलीत आफ्रिकी बायका पथाऱ्या मांडून बसतात. कुणी शेंगदाणे विकते, कुणी मेंदी, कुणी दातवणाच्या काड्या. त्यातली एक आमिना, नायजेरियातल्या कानो शहरची. नवरा हजला आला तो इथंच राहिला, हिला बोलावून घेतलं आणि पुढं वारला. ही धिप्पाड बाई त्याच्यामागं एकटीनं बाजार करत होती. तिच्या पथारीवर बकऱ्याच्या कातड्याच्या लालभडक घड्या होत्या. केरू वाकला, त्यानं एक घडी उचलली आणि सरळ नाकाला लावली. बाई खेकसणारच होती, पण या माणसाचे डोळे मिटलेले बघून थांबली.

"बाभूळ," केरू मराठीतच म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी तो फकरुद्दीनला घेऊन गेला, कारण फकरुद्दीनचं अरबी सफाईचं होतं. मग सगळा उलगडा झाला. कानोत कातडं बाभळीच्या शेंगांत कमावतात, कापशीत सालीत. आणि तो लाल रंग? तो एका जातीच्या ज्वारीच्या ताटातून काढतात. ज्वारीचं नाव ऐकल्यावर केरूला हसूच फुटलं. समुद्राकाठच्या त्या घामट शहरात एक कोल्हापूरकर आणि एक कानोकरीण ज्वारी-बाभळीवर तासभर बोलत बसले, आणि दोघांनाही गावाकडचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

केरूनं त्या कातड्याचे पट्टे कापले, खाली आपल्या पद्धतीचा जाड तळ घातला, बाजूला दोन कान शिवले आणि एक जोड स्वतःसाठी बांधला. अबू नायफची नजर म्हणजे घारीची. म्हाताऱ्यानं सोफा बघायला म्हणून कारखान्यात पाऊल टाकलं आणि बघितले ते केरूचे पाय. लगेच हुकूम झाला, की हेच बनव, दुकानात ठेवू. लाल कातडं आमिनाकडूनच घ्यायचं, हा शब्दही त्यानंच दिला. सोफ्याच्या दुकानात चपलेचं कपाट लागलं आणि ते सोफ्यांपेक्षा जास्त चालू लागलं.

तळ केरूचा, लाल आमिनाचं. त्या भागीदारीनं काय केलं, ते आमिनाच्या तोंडून ऐकावं. कानोत तिच्या भावाचे कातडं कमवायचे, रंगवायचे खड्डे होते. ते कोरडे पडत आले होते, कारण दलाल कच्ची कातडीच वजनावर उचलायचा आणि सगळी कमाई परदेशात व्हायची. आळीतले कारागीर गटारं खणायला जात होते. आता तयार कातड्याला गिऱ्हाईक झालं. खड्डे भरले. गटारं खणणारे परत आले, पट्ट्यांवर नक्षी शिवायला शेजारच्या विधवा बसल्या, भावाच्या घरावर पत्रा आला, त्याच्या पोरी शाळेत गेल्या. आमिना फोनकार्ड घासून दर आठवड्याला कानोला बोलायची आणि बोलणं झालं की सगळं केरूला सांगायची. पुढं बलदमधले आणखी तीन दुकानदार तिच्याकडून कातडं घेऊ लागले. पथारी जाऊन लाकडी टपरी झाली. तिला एकच धास्ती असायची, की हे थांबलं तर खड्डे पुन्हा कोरडे पडतील. "खड्डा एकदा सुकला की माणसं पांगतात," ती म्हणायची, "आणि पांगलेली माणसं पुन्हा गोळा होत नाहीत."

आणि मग आला नीलेश.

अबू नायफचा गुडघा धरला, म्हातारा उपचाराला रियाधला जाऊन राहिला आणि धंदा पोराच्या हातात आला. पोरानं मॅनेजर आणला तो पुण्याचा, टाय लावणारा, केसांना जेल लावणारा. "अरे वा, मराठी माणूस," नीलेशनं केरूला बघून हात पुढं केला. "गाव कुठलं? आडनाव काय?"

केरूनं गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. पुढं आलेला हात खिशात गेला, रुमाल काढायचं निमित्त करून. केरूनं ते बघितलं आणि गिळलं. असले हात त्यानं शाळेपासून बघितलेले होते. सौदीत येऊनही तेच बघावं लागेल असं वाटलं नव्हतं, एवढंच.

होळीच्या सुमारास नीलेशनं त्याला घरी जेवायला बोलावलं. बायको रेखानं पुरणपोळी केली होती, कटाची आमटी केली होती. नीलेशचा मुलगा आईशी इंग्रजीत हुज्जत घालत होता. त्या तिघांना स्टीलची ताटं होती, केरूला कागदी. तेही त्यानं गिळलं, कारण आमटी खरोखर झकास होती आणि आपल्या बोलीत कुणी "अजून घ्या ना" म्हणून कित्येक वर्षं झाली होती. पोट भरलं, डोळे भरले, तोंड सुटलं. नीलेश विचारत गेला आणि हा सांगत गेला. आमिनाचा भाऊ कोण, कानोतली आळी कुठली, माल कुठल्या रस्त्यानं येतो, सगळं. माणूस उपाशी असला म्हणजे फक्त अन्नानं उपाशी असतो असं नाही. नीलेशला हे बरोबर ठाऊक होतं, मेल्याला.

त्यानंतर दुकानात खोकी येऊ लागली. नीलेशनं कानोतला एक एजंट गाठला होता आणि आमिनाला मधून उडवलं होतं. तिला कुणी सांगितलंही नाही. ती नेहमीसारखी बोचकं घेऊन आली, तेव्हा दारावरच्या वॉचमननं बोचकं रस्त्यावर भिरकावलं. लाल घड्या डांबरावर पसरल्या. नीलेश काचेचं दार उघडून बाहेर आला आणि गोड आवाजात म्हणाला, "आम्हाला काय माहीत होतं बाई तुमच्या भावाचं? तुमच्या त्या केरूनंच तर सगळा पत्ता दिला."

केरू आतून हे बघत होता. आमिनानं काचेतून त्याच्याकडं पाहिलं. खोटं आहे म्हणावं तर खोटं नव्हतं. तिनं घड्या वेचल्या, झटकल्या आणि गेली. शुक्रवारी हा टपरीवर गेला तर म्हणाली, "माझ्या सावलीत उभा राहू नकोस."

त्या दिवसापासून केरूचं अन्न तुटलं. त्याला नीलेशचा राग किती आला म्हणून सांगू. स्टेपल मारताना तो प्रत्येक पिन नीलेशच्या टाळक्यात मारत होता. धंदा घेतला त्याचं एक वेळ सोडून द्या. पण ज्या आमटीनं डोळ्यांत पाणी आलं तीच आमटी घालून या माणसानं त्याला चुगलखोर केलं होतं, आणि तेही जिनं त्याला बरोबरीनं बसवून आपल्याच पेल्यातला चहा दिला तिच्या नजरेत. असं कुणी केलं तर तुम्ही काय कराल ते मला माहीत नाही. केरूनं संधीची वाट बघितली.

संधी आली ती अबू नायफच्या धाकट्या पोराच्या लग्नाची. म्हातारा रियाधहून परत आला, गुडघा ठीक झालेला, मन खूश. त्यानं सांगितलं, घरातल्या आणि सासरकडच्या सगळ्या पुरुषांना आपल्या दुकानाचे लाल जोड द्यायचे. नीलेशनं एजंटाकडून मोठा माल मागवला. घाईचं काम, तेव्हा एजंटानं ना भावाच्या आळीत पाऊल टाकलं ना बाभळीची वाट बघितली. कुठल्या तरी शेडमध्ये पावडरीचा रंग मारून कातडी पाठवून दिली.

केरूनं पहिलं खोकं उघडलं आणि वास घेतला. बाभळीचा मागमूस नाही, रॉकेलसारखा काहीतरी दर्प. मग त्यानं ते केलं जे त्याच्या घरातला प्रत्येक माणूस नवीन कातडं हातात आल्यावर करतो, झोपेतसुद्धा करील. फडकं ओलं केलं, पिळलं आणि कातड्यावरून दाबून फिरवलं. फडकं लाल झालं. दुसरं कातडं घेतलं, तेही लाल. असा माल आला की चपला बांधणारा तो बाजूला ठेवतो आणि मालकाला ओरडून सांगतो. त्यात मान-अपमान नाही, ती कामाची रीत आहे. रंग सुटणारं कातडं बांधणं म्हणजे आपल्या हातानं आपल्या घराण्याला शिवी देणं.

नीलेश दारातून डोकावला. "काय केरू, माल ठीक आहे ना?"

केरूनं फडक्याची घडी केली, लाल बाजू आत घेतली आणि ते खिशात घातलं.

"एक नंबर हाय, साहेब."

हीच ती दुपार, ज्या दुपारी त्याला भूक लागली.

पुढचे दिवस तो गुणगुणत काम करत होता. असे सुबक कान, अशा दाट वेण्या, असा एकसारखा टाका त्यानं आयुष्यात घातला नसेल. दुरून बघावं तर डोळे दिपावेत. नीलेश येऊन पाठ थोपटून गेला, आणि केरूला त्या हाताचा स्पर्श या वेळी गोड वाटला. बोकडाला हिरवा पाला घालताना खाटकाला वाटत असेल तसा.

लग्न होतं भर उन्हाळ्यात, समुद्राकाठच्या एका हॉलमध्ये. जेद्दाचा उन्हाळा तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, तिथं हवा अंगाला चिकटते. पुरुषांच्या अंगणात गालिचे घातलेले, ढोल लागलेले. फकरुद्दीनबरोबर खोकी उतरवायला म्हणून केरूही आला होता आणि खांबाआड उभा होता. पाहुण्यांनी नवे जोड पायांत घातले, एकमेकांना दाखवले. पांढरेशुभ्र पायघोळ थोब, खाली लाल पट्टे. नीलेश सुटात फिरत होता, पायात तोच जोड, पांढऱ्या मोज्यांवर. प्रत्येकाला सांगत होता, माझी कल्पना, माझं डिझाइन.

मग काठ्या घेऊन नाच सुरू झाला. माणसं घामानं निथळली. जेवायला बसायची वेळ झाली तसे जोड निघाले आणि एका म्हाताऱ्या काकानं गालिच्यावर पाय ठेवले. गालिच्यावर लाल पंजा उमटला. काकाला वाटलं रक्त. त्यानं आरडाओरडा करून नातवाला डॉक्टर आणायला पाठवलं. तोवर दुसरा पाय, तिसरा पाय. बघावं तिकडं लालेलाल तळवे, थोबांच्या कडांना लाल ओघळ, नवरदेवाच्या टाचा तर कुंकवाच्या पावलांनी घरात आलेल्या नव्या नवरीसारख्या. सासरकडची तरुण पोरं तोंडावर रुमाल धरून हसत होती. अबू नायफ स्वतःच्या पायांकडं बघत राहिला. मग त्यानं मान वर करून नीलेशला शोधलं. नीलेशचे मोजे घोट्यापर्यंत रंगले होते.

केरूला त्या क्षणी काय वाटलं म्हणता? स्वर्ग. दुसरं काही नाही. खांबाआड तो उभ्या उभ्या थरथरत होता आणि ते हसू होतं. रुमाल काढायच्या निमित्तानं खिशात गेलेला हात, कागदी ताटली, डांबरावर पसरलेल्या घड्या, सगळ्याचं उट्टं निघालं होतं.

दुसऱ्याच दिवशी नीलेशची नोकरी गेली. पासपोर्टवर खुरूजचा शिक्का, म्हणजे देश सोडायचा आणि परत यायचं नाही. केरूनं बाजारातून सुरमई आणली, फकरुद्दीनला रांधायला लावली. फकरुद्दीननं रांधली, पण घास घेताना म्हणाला, "केरू, तू रंग बघितला नव्हतास काय रे? तू न बघता कातडं कापणार नाहीस."

केरू काटे काढत राहिला. फकरुद्दीन समजला.

शुक्रवारी केरू धुतलेला शर्ट घालून बलदला निघाला. आमिनाला सांगायचं होतं, की तुझा वैरी गेला. ती हसेल, चहा ओतेल, असं सगळं त्यानं वाटेवर रंगवलं होतं.

टपरीवर कातड्याच्या घड्या छपरापर्यंत रचलेल्या होत्या. एवढा माल त्यानं तिथं कधीच बघितला नव्हता. आमिना स्टुलावर बसली होती, हात मांडीवर मोकळे. कामाच्या बाईचे मोकळे हात बघायची सवय नसते, केरू जरा बिचकला. तिनंही आज सावलीचं काही काढलं नाही, जणू आता कशानंच फरक पडत नव्हता.

"नीलेश गेला," केरू आपल्या मोडक्यातोडक्या अरबी-हिंदीत म्हणाला. "खलास. मी घालवला. कातडं कच्च्या रंगाचं होतं, मला पहिल्या दिवशी कळलं होतं. मी गप्प बसलो. मुद्दाम. तुझ्यासाठी केलं मी."

आमिनानं रचलेल्या घड्यांवर हात ठेवला.

"हे काय आहे, दोस्ता? बघ."

"माल हाय."

"परत आलेला माल आहे. बलदच्या तिन्ही दुकानांतून. तुझा नीलेश जाताना शेखला, तुमच्या अबू नायफला, सांगून गेला, की आफ्रिकेचं कातडं असंच असतं, रंग सोडतं. लग्नातल्या लाल पायांची गोष्ट सगळ्या जेद्दात झाली. आता बायका येतात, बोट लावतात आणि विचारतात, हे तेच ना? मी म्हणते, ते माझं नव्हे. कोण ऐकतो? लाल ते लाल. भावाचा फोन आला होता. खड्ड्यांत कातडी भिजत पडली आहेत. काढू की टाकून देऊ, विचारतो. आळीतली दोन माणसं पुन्हा गटाराच्या कामाला गेली."

"पण नीलेशनं तुझं..."

"नीलेशनं माझं एक दुकान घेतलं," आमिना म्हणाली. "उरलेली तीन तू घेतलीस."

सुक्याबरोबर ओलंही जळतं, ही म्हण केरूनं लहानपणापासून हजार वेळा ऐकली असेल. आग आपणच लावल्यावर ती कशी ऐकू येते, ते त्याला त्या टपरीसमोर कळलं. आमटी घालून नीलेशनं त्याच्या तोंडून शब्द काढले होते, ते निदान फसवून. ओलं फडकं खिशात घालताना त्याला कुणी फसवलं नव्हतं. रीत त्याची होती, हात त्याचा होता. नीलेशला गाडायला त्यानं जो खड्डा खणला, त्यात आमिनाच्या भावाचे खड्डे बुजले होते, आणि इतके दिवस हा गडी पोटभर जेवत होता. लाज वाटली.

"मला विचारलं होतंस?" आमिना म्हणाली. "एकदा तरी? वैर तुझं होतं. माझी भाकरी होती."

आमिना उठली. तिनं वरची एक घडी काखोटीला मारली, टपरीची फळी ओढली.

"चल."

"कुठं?"

"शेखकडं. मला सांगितलंस तेच त्याला सांग."

फकरुद्दीन बाजाराच्या तोंडाशी गाडी लावून थांबला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि केरूला बाजूला ओढलं. "अरे मेल्या, डोकं फिरलंय काय? तो तुला परत पाठवील. नीलेशच्या मागोमाग तूच. कोण विचारतंय तुला? गप बसलास तर गप बसून जाईल सगळं."

"गप बसलो म्हणून तर झालं," केरू म्हणाला आणि गाडीत बसला.

शुक्रवारची नमाज आटोपून अबू नायफ बैठकीत लोडाला टेकून कॉफी पीत होता. पायाची बोटं अजून गुलाबी होती. फकरुद्दीन दारातच दोघांचं बोलणं दोन्ही भाषांत सांगायला उभा राहिला, आमिना उंबऱ्याबाहेर. केरूनं खाली बघून सांगायला सुरुवात केली, मग मान वर केली, कारण असलं काही खाली बघून सांगता येत नाही. कातडं आलं तेव्हाच रंग सुटत होता. मी बघितलं. मी लपवलं. मला त्या माणसाला बुडवायचं होतं. या बाईच्या कातड्याचा यात काही दोष नाही.

अबू नायफनं कॉफीचा पेला खाली ठेवला. "माझ्या घरचं लग्न होतं. तुला माहीत होतं."

"व्हय. माहीत होतं."

"माझं मीठ खात होतास."

आमिनानं तेवढ्यात उंबऱ्याबाहेरूनच ती लाल घडी फकरुद्दीनच्या हातात दिली. हात धुवायचं तसराळं कोपऱ्यात होतं. फकरुद्दीननं घडी पाण्यात बुडवली, काढली आणि म्हाताऱ्यानं स्वतः आपल्या पांढऱ्या बाहीनं ती पुसली. बाही पांढरीच राहिली.

"माझ्या दुकानात लाल रंग पुन्हा येणार नाही," म्हातारा आमिनाच्या दिशेनं म्हणाला. "मी मरेपर्यंत नाही. माझ्या व्याह्यांचे पाय मी विसरू शकत नाही. पण दोष तुझ्या कातड्याचा नव्हता, हे बलदच्या दुकानदारांना मी माझ्या तोंडानं सांगेन." मग केरूकडं न बघता त्यानं हात हलवला. "याचे कागद करा. खुरूज."

म्हाताऱ्यानं शब्द पाळला. एक दुकानदार लगेच परत आला, दुसरा बघू म्हणाला, तिसरा नाहीच. कानोत भावानं निम्म्या खड्ड्यांतली कातडी काढली. निम्मे सुकले. गटाराला गेलेल्या दोघांतला एकच परतला. तेवढंच वाचलं आणि जेवढं गेलं ते गेलं. नीलेशचं म्हणाल तर त्याला दुबईला नोकरी लागली, आधीपेक्षा मोठी. फकरुद्दीननं ही बातमी आणली तेव्हा केरूनं नुसतं "असंल" म्हटलं. त्याला आता नीलेशचा चेहरासुद्धा नीट आठवेना.

तिकीट हातात यायला काही दिवस होते. एका सकाळी फकरुद्दीन सांगत आला, की आमिना खालानं बोलावलंय, रापी घेऊन ये म्हणाली.

केरू गेला. टपरीसमोर पोतं अंथरलेलं होतं. त्यावर जाड कातड्याचा एक तुकडा, आरी, मेणाचा दोरा. आमिना पोत्याच्या एका टोकाला बसली आणि तिनं दुसऱ्या टोकाकडं बोट केलं. फकरुद्दीन मध्ये पाणी घेऊन बसला.

"तू चाललास," ती म्हणाली. "नुसतं कातडं कोण घेणार? तळ कोण घालेल, कान कोण शिवेल? मला शिकव. मी कानोला शिकवीन. पुढं तुझी गरज लागता कामा नये."

कापशीत कान शिवायची रीत घराबाहेर देत नाहीत. सुनेला शिकवतात, लेकीला नाही, कारण लेक दुसऱ्या घरी जाते. केरूच्या बापानं सख्ख्या मेव्हण्याला दाखवली नव्हती. केरूनं रापी फडक्यातून काढली, धार अंगठ्यावर बघितली आणि कातडं पुढ्यात ओढलं. पहिला काप कुठं द्यायचा, कान किती दुमडायचा, आरी कुठल्या बाजूनं घालायची, तो दाखवत गेला. आमिनाची बोटं जाड होती, पण पक्की होती. चुकलं की ती आपणच उसवायची.

दुपार कलली. केरूच्या मनात सकाळपासून घोळत होतं ते शेवटी त्यानं विचारलं.

"आमिनाबाई, राग गेला का?"

"नाही," आमिना म्हणाली. "हात थांबवू नकोस. तो टाका पुन्हा दाखव."

केरूनं टाका उसवला आणि पुन्हा घालून दाखवला, या वेळी सावकाश.